शालूबाई मापाचं ब्लाऊज

—न्हाय वैनी, तुमी आदी बसा, मग बोला. उभ्यानं भांडू नये, पोटऱ्या दुखतात. हां, त्या स्टुलावर. एक पाय हलतोय त्याचा, पण पडत न्हाय कोण — धोंडुबाई बसती त्याच्यावर, तर तुमी काय! आता दाखवा. सैल हुतंय? कुठं सैल हुतंय? बगलेत? आन् छातीत? — दंडात बी? मग सरळ सांगा की, सगळीकडं. आन् सगळीकडं सैल हुतंय म्हंजे दोष ब्लाऊजात न्हाय, तुमी वाळलायसा. व्हय की! तोंडावरनंच कळतंय. ह्या आरशात बघा जरा, गालफडं कशी आत गेल्यात. सासू जेवाय घालती न्हवं नीट? — तसं न्हाय, विचारलं आपलं. काय म्हणतासा? वजन तेवढंच हाय? काट्यावर उभं ऱ्हायलासा? कुठल्या काट्यावर, रुपाया टाकला की तिकीट येतंय त्या? अहो, त्या तिकिटाच्या मागं भविष्य छापल्यालं असतंय, परदेशी जाण्याचा योग म्हणून. मला चार वर्सं झाली त्यो योग येतोय, अजून मी मंगळवार पेठेतच हाय. तसल्या काट्याचं काय घिऊन बसलासा! मी दहा वर्सं बायकांची मापं काढतोय, माजा डोळा म्हंजे टेप. तुमी वाळलायसा. आनंदानं घरला जावा. एक नंबर खालचं देतो, रूपाली घिऊन जावा, बदलून देतो, पैसं नगंत.

काय? ही शालूबाई कोण? आता घ्या! दोन वर्सं तिला अंगावर घालून फिरतासा आन् ती कोण म्हाईत न्हाय? लेबल वाचलं न्हाई कधी? मानंच्या मागं असतंय ते, लाल अक्षरात — ‘अक्काताई फिटिंग’, आन् खाली ‘शालूबाई’. तुमाला वाटलं कापडाचं नाव असंल. बरं झालं बाई विचारलासा. अहो, शालूबाई माणूस हाय! जितं माणूस! समोरच्या बोळात ऱ्हातंय. आन् रूपाली बी माणूस, मीनाबाई बी, अंबूबाई बी, धोंडुबाई तर लईच माणूस. पाच मापं, पाच बायका. सांगतो की. च्या घेणार? घ्या, साखर कमी घालाय सांगतो — न्हाय, न्हाय, तुमाला कशाला कमी, तुमी वाळलायसा, जास्तच सांगतो.

तर ऐका. पंच्याण्णव साली एक मशीन घिऊन मी हितं बसलो — का हसलासा? बाई असून ‘बसलो’ म्हणतो म्हणून? पुण्याची म्याडम हसली तर एक वेळ चालतंय, तुमी हातकणंगल्याच्या, तुमी हसायचं न्हाय, तुमी घरात काय बोलतासा ते मला म्हाईत हाय. तवा धंदा सोपा हुता. बाई काय करायची, मापाचं जुनं ब्लाऊज पेपरात गुंडाळायची आन् नवऱ्याच्या हातनं लावून द्यायची. टेप लावून घ्यायची बातच न्हाय! आन् मापाचं ब्लाऊज कुठलं? लग्नातलं. पोरं तीन झाल्यात, थोरलं दहावीला हाय, आन् मापाला लग्नातलं ब्लाऊज. मी बरूबर तसंच शिवायचो. मग ती बया यायची, म्हणायची, “अक्काताई, घट्ट झालंया.” आता काय बोलावं? मी हळूच आतली शिलाई उसवून द्यायचो. म्हणून मी पयल्यापासनं आत दोन बोटं कापड जास्त ठेवतो, आमी त्याला माया म्हणतो. कोल्हापुरात माया सोडल्याबिगार टेलरचा संसार चालत न्हाय.

मग आमच्या मालकांच्या डोक्यात निघालं — नाव शिवानंद, आता नाव घ्यायला काय उखाणा लागत न्हाय — त्यांच्या डोक्यात आलं, की शर्ट तयार मिळतोय, बनियन तयार मिळतंय, मग ब्लाऊज का मिळू नये? चांगलं मापात शिवल्यालं, अस्तर लावल्यालं, रॅकवरनं उचलायचं, घालायचं आन् बारशाला जायाचं. ब्रँड काढू म्हणालं. ब्रँड! त्या वक्ताला घरात मिक्सर न्हवता, पण ब्रँड काढला. ‘अक्काताई फिटिंग’. नंबर बी घातलं — बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस, चाळीस. शंभर ब्लाऊजं शिवून रॅक भरला आन् बसलो. बाया आल्या. लई आल्या. पयली म्हणाली, चौतीस द्या. दुसरी म्हणाली, चौतीस द्या. वैनी, तुमाला खोटं वाटंल, पण त्या वर्सी अख्ख्या मंगळवार पेठेत एक बी बाई चौतीसच्या वर न्हवती! मीनाबाई, हाडाची काडी, ती बी चौतीस. धोंडुबाई, दोन फळ्यांच्या दारातनं बी आडवी याय लागती, ती बी चौतीस. धोंडुबाईच्या म्हशीला विचारलं असतं तर ती सुदीक चौतीसच म्हणाली असती. चार दिवसांत चौतीस संपलं, पाचव्या दिवशी सगळं परत आलं — कुणाचं बगलेत फाटल्यालं, कुणाच्या बाह्या पिचक्या — आन् चाळीसचा गठ्ठा जसाच्या तसा. त्याच्याकडं कोण बघंना सुदीक. बाईला वय विचारावं तसं व्हायचं त्यो गठ्ठा दाखवला की. मी दोन दिवस जेवलो न्हाय.

आता ह्यातनं वाट कशी निघाली म्हणशीला, तर आमच्या मालकांच्या वेंधळेपणानं. मी परत कटिंग काढाय बसलो. म्हटलं, नंबर मरू दे, चांगल्या बसल्याल्या ब्लाऊजांवरनं कटिंगचा कागद, म्हंजे साचा, काढू. पाच जणींची मापाची ब्लाऊजं घेतली. मीनाबाई शाळामास्तरीण, सगळ्यात बारीक. रूपाली कॉलेजची, व्हॉलीबॉल खेळायची, खांदं रुंद आन् कंबर न्हाय. मधली शालूबाई. तिच्यापेक्षा भरल्याली अंबूबाई. आन् शेवटाला धोंडुबाई. खाकी कागदावर कापलं आन् वळखू यावं म्हणून एकेका कागदावर झ्याक मोठ्या अक्षरात नाव लिवलं. नंबर बी लिवला हुता कोपऱ्यात, बारका. कागद मालकांच्या हातात दिलं, म्हटलं, इचलकरंजीला जावा, कागदावर लिवलंय तसं लेबल विणून आणा. गेलं. त्येनी काय केलं? मोठं अक्षर वाचलं. पाच हजार लेबलं आली, वैनी! मी पुडकं फोडलं आन् बघतोय तर, ‘अक्काताई फिटिंग — धोंडुबाई’. हजार धोंडुबाई! मला रडू फुटलं. मालक म्हणालं, तूच लिवलंतीस. आता हजार धोंडुबाई टाकून देणार हाय का माणूस? न्हाय. लावली तीच.

आन् नाद खुळा झाला, वैनी! जी बाई मेली तरी चाळीस म्हणत न्हवती, ती दारातनंच वरडाय लागली, “एक धोंडुबाई द्या हो, मोरपंखी!” का म्हणून विचारा. चाळीस म्हणाय लाज वाटती, धोंडुबाई म्हणाय कसली लाज? धोंडुबाईला बारा म्हशी हायत, दोन पोरं तालमीत हायत, रोज पाटं चार म्हशी स्वता पिळती, दंड बघा तिचं! गल्लीत तिच्याम्होरं बोलायची कुणाची टाप न्हाय. तसलं माप असलं तर मान वर करून सांगावं. धोंडुबाई स्वता दुकानात येऊन बसाय लागली, आपलं गिऱ्हाईक बघाय. कोण तिचं ब्लाऊज घेतलं की पाठीवर थाप मारायची, “शोभतंय!” तिकडं पन्हाळ्याला एका घरात पोरगी बघाय गेल्यालं पावणं, रंग विचारला, उंची विचारली आन् सासू हळूच म्हणती कशी, “रूपाली हाय का शालूबाई?” तुमच्या हातकणंगल्याच्या दुकानदाराचा फोन यायचा, “चार शालूबाई आन् दोन अंबूबाई सकाळच्या एस.टी.त टाका, जास्त दाबू नका, चुरगाळत्यात.” शेजारी कोण फोनला बसल्यालं असलं की त्यो बघतच ऱ्हायचा.

आन् सगळ्यात जास्त खपायची ती शालूबाई. दहातल्या सहा शालूबाई. तिला काय कमी अभिमान! हळदीकुंकवाला गेली की कुणाच्या बी पाठीमागं जायाची, मानंपाशी लेबल उलटं करून बघायची आन् म्हणायची, “मीच ती.” बायका चरकायच्या. अहो, ती माजी मैत्रीण. एका वर्सात दोघी लग्न होऊन ह्या गल्लीत आलो, एका नळावर भांडलो, आन् मी मशीन घेतली त्या दिवसापासनं ती हितं, तुमी बसलायसा त्याच जाग्यावर, हूक लावाय बसायची. हूक लावावा तर शालूबाईनं! ब्लाऊज फाटंल पण हूक जागा सोडायचा न्हाय. नऊ वर्सं. मी मशीनवर, ती समोर, मदी पानाचा डबा. मी बोलायचो, ती ऐकायची. मी लई बोलतो, तुमच्या ध्यानात आलं असंल. ती कमी बोलायची, पण ऐकायची इतकं चांगलं की मला वाटायचं मी काय तरी शानं बोलतोय.

न्हाय, आता येत न्हाय. — सोडलं तिनं. आठ म्हयनं झालं. — काय न्हाय हो, असंच. बायकांचं काय, टाचणीएवढं कारण असतंय. च्या घ्या, गार झाला. तुमचं ते रूपाली काढतो, कुठला रंग देऊ? अंजिरी? — काय काढतासा पिशवीतनं? — हे कुठलं? — हे बी शालूबाईच? दोन वर्सांखालचं? जुनं बी संगं आणलासा व्हय तुमी! लई हुशार, वैनी. वकिलाच्या घरातल्या हायसा काय? न्हाय, ठेवा की, बघतो. एकावर एक ठेवून बघा म्हणतासा. बघितलं. — व्हय. — व्हय, दोन इंच. जुनं बारीक हाय, नवं मोठं हाय, आन् लेबल दोन्हीवर शालूबाईच हाय. आता कापड धुवून आटतंय म्हटलं तर तुमी ऐकणार हाय का? न्हाय ऐकणार. जुनं आजून अंगात बरूबर बसतंय म्हणतासा. मग झालं. मग तुमी वाळल्याल्या न्हाई. बसा. दार जरा पुढं करतो. आता सांगतो, पण हे हातकणंगल्याला गेलं तर माजं मराण हाय, ध्यानात ठेवा.

शालूबाईच्या पोराचं, पृथ्वीराजचं लगीन ठरलं. साखरपुड्याला ब्लाऊज पायजे म्हणून ती आली. सणाचं दिवस, दुकान भरल्यालं, बारा-पंधरा बाया. ती सरळ रॅककडं गेली, शालूबाई उचलली, डाळिंबी रंगाची, आन् पडद्याआड गेली. तिला कशाला माप बघाय पायजे? तिच्याच नावाचं हाय की! पण वैनी, कागद काढला तवाची शालूबाई आन् आताची शालूबाई — पाच वर्सं गेल्याली. माणूस हाय, वाढतंय. तिच्या ध्यानात न्हाय, माज्या बी न्हाय, रोज बघणाऱ्याला कळत न्हाय. एक हात गेला आत. दुसरा जाईना. तिनं ढकलला. मग दोन्ही हात वर, कोपरापाशी अडकल्यालं, खाली बी येईना, वर बी जाईना. हळूच हाक मारली, “अक्के, आत ये गं.” मी गेलो आन् माज्या धांदलीत पडदाच सरकवला. सगळ्यांनी बघितलं. तेवढ्यात कोणतरी बोललं, “शालूबाईलाच शालूबाई हुईना!” आन् दुकान असं हसलं, असं हसलं — धोंडुबाईनं तर मांडीवर थाप मारली. शालूबाई मला म्हणाली, कात्री दे. बाही कापून हात काढला, आपलं जुनं घातलं, आन् गेली. ती गेलीच.

कोण बोललं? आता गर्दीत काय कळतंय, वैनी. पंधरा बाया, कुणाचं तोंड धरणार. असंल एखादी तोंडाळ. काय बघतासा माज्याकडं असं? — मीच. मीच बोललो. झालं समाधान? माज्या जिभेला हाड न्हाय, उचलली आन् लावली टाळ्याला! आन् बोलताना मला इतकं भारी वाटलं, सगळ्या हसल्या न्हवं का, मी बी हसलो. तिच्या तोंडाकडं नंतर बघितलं. नऊ वर्सं जी माजं ऐकत बसली, तिनं हे बी ऐकलं. त्या रातीपासनं मला घास गोड लागत न्हाय — आता वजन कमी झालं न्हाय ते सोडा, पण गोड लागत न्हाय ते खरं हाय.

माफी? अहो, तीन येळा गेलो तिच्या दारात. तीनी येळा आतनं कुकरची शिट्टी झाली आन् मी पळून आलो. बोलण्यात मी कुणाला हार जात न्हाय, पण तेवढं एक वाक्य काय भायेर पडत न्हाय. तिचा नवरा, भाऊसो, त्यो फुटबॉलच्या मॅचला पंच म्हणून शिट्टी मारतोय, सरळ माणूस, त्याला म्हटलं, सांगा की तिला. म्हणतोय, “वैनी, घरातल्या मॅचला मी शिट्टी मारत न्हाय.” हिकडं हूक लावाय दुसरी बाई ठेवली, तर एका नवरीचा हूक अक्षता पडायच्या वक्ताला उडाला आन् भटजीच्या चष्म्याला लागला. लोक म्हणाय लागलं, अक्काताईचं फिटिंग बिघडलं. ते बरूबरच हाय, बिघडलंच हाय.

मग मला सुचलं. म्हटलं, ती शालूबाईत बसंना न्हवं, मग शालूबाईलाच मोठी करावी! पण माप कसं घेणार? बोलणं न्हाय, येणं न्हाय. साखरपुड्याला तिनं दुसरीकडनं ब्लाऊज शिवून घेतल्यालं मला म्हाईत हुतं. धुवून गच्चीवर वाळत घातल्यालं दिसलं. धोंडुबाईच्या गच्चीवरनं तिच्या गच्चीवर जाता येतंय, मदी एवढी वीतभर फट. ह्या वयात, वैनी! तोंडात टेप, कमरंला पदर खोचला, आन् उडी मारली. वल्या ब्लाऊजाचं माप काढलं — छाती, मुंढा, दंड — आन् खालनं धोंडुबाई वरडती, “काय गं अक्काताई, कापडं चोरतीस व्हय?” म्हटलं, न्हाय, कावळा हाकलतोय. छातीत दोन इंच, दंडात एक. घरला आलो, शालूबाईचा जुना कागद फाडला आन् नवीन कापला.

तिचं एकटीचंच का न्हाय मोठं शिवलं? अहो, तुमाला कळंना, पण तिला कळंल की! हुकावर नऊ वर्सं बसल्याली बाई. रॅकवरची दुसरी शालूबाई शेजारी धरली की झालं, चोरी उघडी. तिला फसवायचं तर अख्ख्या कोल्हापूरला फसवाय पायजे. फसवलं. रॅकवरची समदी शालूबाई दोन इंचानं मोठी केली, आन् मापं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बाकीचं कागद बी तेवढंच वाढवलं. आन् गंमत बघा, कुणी भांडलंच न्हाय! सैल हुतंय म्हणून बाया आल्या, मी म्हटलं, तुमी वाळलायसा, रूपाली घ्या. इतक्या खूश, इतक्या खूश! गेल्या सा म्हयन्यांत अख्खी मंगळवार पेठ एका नंबरानं बारीक झाली. एकीनं पेढं आणून दिलं. एकीचा नवरा येऊन हात जोडून गेला, म्हणाला, अक्काताई, हिला तुमी सांगितल्यापासनं घरात शांतता हाय. आन् धोंडुबाई? तिला बी एक दिवस सांगून बघितलं, की तुला आता अंबूबाई हुईल. माज्यावर अशी खवळली! “माजं माप माज्यापाशी ऱ्हाऊ दे!” तर सगळ्यांत तुमीच एक निघालासा, जुनं घिऊन येणाऱ्या.

आता ऐका, का सांगतो ते. सोमवारी पृथ्वीराजचं लगीन हाय. काल मी डाळिंबी शालूबाई एका डब्यात घालून भाऊसोच्या हातनं लावून दिली. सांगितलं, काय बोलू नका, एवढंच म्हणा की रॅकवरची हाय, सरळ उचलून दिलीया. ती घालणार. घातली की बसणार. बसली की तिला वाटंल, त्या दिवशीचं ब्लाऊजच वाईट निघालं, आपण हाय तशाच हाय, आन् अक्काताई उगंच बोलली. मग यील. न्हाय आली तर सोमवारी मी त्या लग्नात कुठं उभा ऱ्हाऊ? पृथ्वीराजला मी न्हाऊ घातलंय. त्याचं पयलं झबलं मी शिवलंय. करवलीच्या रांगेत न्हाय, तर दारातल्या चपलांपाशी उभा ऱ्हाऊ व्हय मी? म्हणून वैनी, हात जोडतो, सोमवारपत्तर तुमी ही दोन ब्लाऊजं कुणाला एकावर एक ठेवून दाखवू नका. मंगळवारी काय बी करा. मंगळवारी पेपरात द्या.

—थांबा. गप. गप बसा जरा. तीच हाय. रस्ता वलांडतीय. अगं बया, अंगात तेच हाय! डाळिंबी! घातलंय की गं तिनं! ते जुनं पिशवीत घाला, बिगीबिगी — न्हाय, ऱ्हाऊ द्या, आली, हात नका लावू — ये. ये की शालू. उनाचं आलीस. बस. — न्हाय, तिथं ह्या वैनी बसल्यात, हातकणंगल्याच्या, आपलं गिऱ्हाईक. उभी ऱ्हातीस? बरं, ऱ्हा. झ्याक दिसतंय गं. — काय? — सैल? कुठं सैल? — बगलेत? आन् छातीत बी? — असं कसं हुईल — न्हाय, दिसतंय की, चार बोटं जात्यात आत. — काय केलीस म्हणालीस? — भात सोडला? आठ म्हयनं? — आन् दर ऐतवारी — कुठं? पन्हाळा? पायथ्यापासनं वर चालत? — आन् भाऊसोला काय सांगितलंस? — जोतिबाला जातो म्हणून? अगं, त्याला म्हाईत न्हाय?

व्हय. व्हय गं, आता तुला शालूबाई मोठी हुती. बघतोय की डोळ्यानं. — बोल म्हणतीस? आता काय बोलू? मागं बोललो तेच लई झालं. — न्हाय, मला बोलू दे, मदी बोलू नको, आठ म्हयनं हे बोलायचं ऱ्हायलंय. माजं चुकलं, शालू. सगळ्यांम्होरं बोललो, आता हितं सगळ्या न्हाईत, ह्या एक वैनी हायत, ह्यांच्याम्होरं सांगतो — माजं चुकलं. मी हसलो ते लईच चुकलं. तू गेल्यापासनं मी ह्या मशीनीसंगं बोलतोय.

— ते? ते काय न्हाय. ते ह्यांचं हाय. ठेव ते खाली. — जुनं हाय आन् नवं हाय, असतंय माणसाकडं जुनं-नवं. एकावर एक कशाला धरतीस? — शालू. — त्या आजारी हुत्या गं. टायफॉईड! चांगल्या म्हयनाभर पडून हुत्या. वैनी, सांगा की तिला. — सांगा की! मघाधरनं टकळी चाललीया आन् आता का तोंडात मूग धरलासा?

— धरलंसच न्हवं एकावर एक? दोन. व्हय, दोन इंच. — न्हाय, तुज्या एकटीचं न्हाय. सगळ्यांचं. रॅकवरचं समदं. — गच्चीवरनं. — व्हय, मीच हुतो, कावळा न्हवता. — तुज्यापायी न्हाय तर कुणापायी? — काय म्हणालीस? — उगंच? पन्हाळा तू उगंच चढलीस म्हणतीस?

वैनी, ही खाली बसली हो, भुईवरच. तोंडाला पदर लावलाय आन् सगळं अंग हलतंय, हसतीय का रडतीय मला कळंना. शालू? ए शालू, इकडं बघ की. — तुमी जावा, वैनी. ब्लाऊजं हितंच ऱ्हाऊ द्या, सोमवार झाला की या. न्हाय, आता काय विचारू नका. जावा म्हटलं न्हवं! दार तेवढं ओढून घ्या.